नव्या संगणकाचे मौन

१९७५ च्या जानेवारी महिन्यात ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर एका पेटीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. पेटीच्या दर्शनी अंगावर बारीक दिव्यांच्या ओळी होत्या आणि त्यांच्याखाली खटक्यांची रांग होती. ‘अल्टेअर ८८००’ हे तिचे नाव. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क या गावच्या ‘मिट्स’ नावाच्या एका लहानशा कंपनीने ती तयार केली होती. सुट्या भागांच्या रूपाने ३९७ डॉलरांत ती कोणासही टपालाने मागविता येईल आणि घरच्या टेबलावर जोडून संगणक म्हणून वापरता येईल, असे मासिकाने आपल्या वाचकांस कळविले होते. तोपर्यंत संगणक म्हणजे विद्यापीठाच्या, बँकेच्या किंवा सरकारी खात्याच्या वातानुकूलित दालनात राहणारी वस्तू. ती शाळामास्तराच्या किंवा तारमास्तराच्या माजघरात येऊन बसेल, ही कल्पनाच नवी होती.

गंमत अशी की, त्या छायाचित्रातील पेटी रिकामी होती. कंपनीचे प्रमुख एड रॉबर्ट्स यांनी तयार केलेला एकुलता एक नमुना न्यूयॉर्कला संपादकांकडे रेल्वे पार्सलने रवाना केला होता. तो वाटेतच गहाळ झाला. मासिक छपाईला जाण्याची तारीख जवळ आली होती. तेव्हा नुसत्या दिव्यांनी सजविलेली एक पोकळ पेटी पाठविण्यात आली आणि तिचेच चित्र छापले गेले. घरगुती संगणकाच्या युगाचा आरंभ असा एका चालू न होणाऱ्या संगणकाने झाला! पुढील पन्नास वर्षांत ज्यांनी ज्यांनी घरी संगणक जोडला त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला, निदान एका संध्याकाळपुरता, तोच अनुभव आला.

रॉबर्ट्स यांची कंपनी त्या वेळी कर्जात बुडालेली होती. गणकयंत्रांच्या किमती कोसळल्यामुळे तिचा जुना धंदा बसला होता. काहीशे गिऱ्हाइके मिळाली तरी निभावेल असा त्यांचा हिशेब. प्रत्यक्षात थोड्याच महिन्यांत हजारो मागण्या आल्या. लोकांनी न पाहिलेल्या वस्तूसाठी धनादेश पाठविले आणि आठवडेच्या आठवडे टपालवाल्याची वाट पाहिली. अखेर खोका आला, की त्यातून निघत असे तो संगणक नव्हे, तर पाकिटांत भरलेले रोध, धारित्रे, चकत्या, तारा, स्क्रू आणि सूचनांची पुस्तिका. प्रत्येक भाग पट्टीवरील नेमक्या छिद्रात बसवून मागील बाजूने कथलाचा डाख द्यावयाचा. संगणकाच्या निरनिराळ्या पट्ट्या ज्या खाचांत बसावयाच्या, त्या प्रत्येक खाचेला १०० टोके होती. चार खाचांचा एक तुकडा दुसऱ्या तुकड्याला जोडावयाचा असला, तर तेवढ्यासाठीच १०० तारा हाताने झाळाव्या लागत. डाख कमी पडला तर सांधा वरून चकचकीत दिसूनही आतून कोरडा राही. जास्त पडला तर शेजारच्या रेषेला जाऊन मिळे. एखादी चिप उलटी बसली तर ती विजेचा पहिला स्पर्श होताच कायमची निकामी होण्याचा संभव असे.

हे सारे पार पाडून गृहस्थ खटका दाबी आणि बहुधा काहीच घडत नसे. किंवा सगळे दिवे एकदम लागून तसेच राहत. काहीच न घडण्यापेक्षा हे काही फारसे बोलके नव्हते.

बिघडलेल्या रेडिओचा अनुभव पुष्कळांना असतो. रेडिओ नादुरुस्त झाला तरी तो अगदीच गप्प बसत नाही; गुणगुणतो, खरखरतो. ध्वनीच्या टप्प्यावर बोटाने स्पर्श केला आणि गुंगाट ऐकू आला, तर तेथून पुढचा भाग ठीक आहे हे कारागिराला समजते. मग तो एकेक टप्पा मागे सरकत दोषाच्या जागेपर्यंत पोहोचतो. संगणकाची जात निराळी आहे. त्यात शेकडो भागांनी एकाच ठेक्यावर, अल्टेअरच्या बाबतीत सेकंदाला वीस लाख ठेक्यांवर, एकमेकांशी बिनचूक व्यवहार करावयाचा असतो. त्यांतील एकाने जरी दगा दिला, तरी सर्वांचाच व्यवहार बंद पडतो. म्हणजे निन्याण्णव भाग निर्दोष असलेला संगणक आणि एकही भाग धड नसलेला संगणक, हे बाहेरून सारखेच दिसतात. शिवाय ज्या यंत्राकडून दोषाची हकिकत कळावयाची, तेच यंत्र मूर्च्छित पडलेले. साक्षीदारच बेशुद्ध असल्यावर न्यायाधीशाने करावे तरी काय?

अल्टेअरच्या कर्त्यांनी यावर दिलेले उत्तर साधे होते, आणि ते आज वाटते त्याहून शहाणपणाचे होते. त्या पेटीला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. पण दर्शनी अंगावर ३६ दिवे होते. १६ दिवे स्मृतीतील पत्ता दाखवीत, ८ दिवे त्या पत्त्यावरील मजकूर दाखवीत, आणि उरलेले यंत्राची अवस्था सांगत. खटक्यांनी हवा तो पत्ता मांडावयाचा, तेथे काय आहे ते पाहावयाचे, हवे ते लिहावयाचे, आणि मग एक खास खटका दाबून यंत्राला एकच पाऊल चालवावयाचे. एवढे करून ते थांबे. दिवे वाचावयाचे, पुस्तिकेशी ताडून पाहावयाचे, मग दुसरे पाऊल. पुस्तिकेतील पहिला धडा दोन संख्यांच्या बेरजेचा होता. बेरीज बरोबर आली, तर यंत्र जिवंत आहे. चुकीची आली, तर कोणत्या पावलावर वाट चुकली ते दिव्यांवरून हुडकता येई. पुढच्या काळातील देखण्या यंत्रांनी आपल्या मालकास इतके आत डोकावू दिलेले नाही.

मात्र दिव्यांचा उपयोग व्हावयाचा, तर आधी वीज नीट खेळावयास हवी. म्हणून अनुभवी मंडळींनी लवकरच एक क्रम ठरविला. चिप न बसविता नुसता वीजपुरवठा चालू करावयाचा व प्रत्येक खाचेवरील दाब मल्टिमीटरने मोजावयाचा. तो योग्य भरला, तरच प्रोसेसरची पट्टी बसवावयाची. त्यानंतर स्मृतीची एकच पट्टी. ती चालली की दुसरी. एका वेळी एकच बदल करावयाचा आणि बदल केल्यावर पुन्हा पाहावयाचे. हा नियम ऐकावयास सोपा आहे. परंतु दोन महिने वाट पाहिलेल्या माणसाला तो पाळणे किती कठीण, हे खोका उघडून बसलेल्यालाच ठाऊक. बहुतेकांनी सर्व पट्ट्या एकदम बसवूनच खटका दाबला आणि मग एकेक काढत मागे आले.

स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या कॅलिफोर्नियातील एका हौशी माणसाची हकिकत या काळाचे चित्र म्हणून सांगितली जाते. मागणी नोंदवून त्यांना धीर धरवेना. म्हणून ते थेट अल्बुकर्कला जाऊन कंपनी खरोखर आहे की नाही हे पाहून आले. पुढे खोका आल्यावर त्यांना यंत्र उभे करण्यास सुमारे ३० तास लागले. त्यांतील ६ तास गेले ते पट्टीवरील तांब्याच्या रेषेला पडलेला एक बारीक ओरखडा शोधण्यात. डाख सर्व ठीक होते, चिपा जागच्या जागी होत्या, आणि केसाएवढ्या एका चिरेने सारा संगणक अडवून धरला होता.

अशी अडलेली माणसे एकमेकांना शोधू लागली. ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या मोटारखान्यात ३२ जण जमले. ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या मंडळाची ती पहिली बैठक. या मंडळातून पुढे मोठमोठ्या कंपन्या निघाल्या, म्हणून इतिहासकार त्याचा गौरव करतात. तो गौरव योग्यच आहे. पण त्या रात्री जमलेल्यांचा रोजचा प्रश्न अगदी घरगुती होता: आपले यंत्र चालत का नाही, आणि दुसऱ्याचे चालले असेल तर ते कसे? उदाहरणार्थ, मिट्सच्या मोठ्या स्मृतिपट्ट्या बेभरवशाच्या आहेत, ही गोष्ट एकेकट्याला स्वतःच्या हाताचा दोष वाटत होती. दहा जणांनी तीच तक्रार सांगितल्यावर दोष पट्टीच्या रचनेतच आहे हे उघड झाले. त्याच मंडळातील बॉब मार्श यांच्या ‘प्रोसेसर टेक्नॉलॉजी’ने निराळ्या रचनेच्या स्मृतिपट्ट्या विकावयास काढल्या आणि त्या हातोहात खपल्या. आपल्या हातून झालेली चूक आणि विकत घेतलेल्या वस्तूतील चूक यांचा निवाडा होणे, हा पैशाचा तर प्रश्न होताच. पण त्याहूनही अधिक तो माणसाच्या स्वतःविषयीच्या विश्वासाचा प्रश्न होता.

१९७५ च्या एप्रिलमध्ये डॉम्पियर यांनी आपला अल्टेअर मंडळाच्या बैठकीत आणला. जोडीला एक लहान रेडिओ होता. खटक्यांनी एकेक आकडा मांडत त्यांनी दीर्घ कार्यक्रम स्मृतीत भरला आणि तेवढ्यात कोणाचा तरी पाय तारेला लागून वीज गेली. सारे पुसले गेले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आकडे मांडले. मग यंत्राजवळ ठेवलेल्या रेडिओतून चक्क गाण्याची चाल ऐकू येऊ लागली. संगणकाच्या आतील विजेच्या खळबळीने रेडिओत जो व्यत्यय येतो, त्याचेच त्यांनी सूर बनविले होते. ज्या यंत्राला तोंड नव्हते ते असे परक्याच्या तोंडाने गायले, आणि जमलेले लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

त्यानंतरच्या काही वर्षांत व्यापाऱ्यांनी हा प्रश्न आपल्या रीतीने मिटविला. १९७६ मध्ये माउंटन व्ह्यू येथील दुकानदार पॉल टेरेल यांनी ‘ॲपल’च्या दोन तरुणांकडून ५० संगणकपट्ट्या घेण्याचे कबूल केले, अट एवढीच की, त्या पूर्णपणे झाळून तयार मिळाल्या पाहिजेत. १९७७ मध्ये ॲपल दोन, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही तीन तयार यंत्रे बाजारात आली. इंग्लंडात सिंक्लेअर यांचा झेडएक्स-८० मात्र १९८० मध्ये तयार स्वरूपात ९९.९५ पौंडांना व सुटा ७९.९५ पौंडांना मिळत असे. म्हणजे डाख देण्याच्या खटाटोपाची किंमत बरोबर २० पौंड धरलेली होती!

खरी क्रांती झाली ती १९८१ च्या ऑगस्टमध्ये, आयबीएम कंपनीच्या ‘पर्सनल कॉम्प्युटर’ने. या यंत्राला वीज मिळताच ते प्रथम स्वतःची तपासणी करी. तिचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी प्रोसेसर स्वतःला तपासतो. मग ज्या कायम स्मृतीतून तो सूचना वाचत आहे तिची बेरीज जुळते का हे पाहतो. मग चालू स्मृतीचा पहिला लहानसा भाग तपासतो, आणि तेवढा भरवशाचा ठरला की त्याच्या आधारावर पडदा, उरलेली स्मृती, कळफलक, चकती यांची चौकशी करतो. प्रत्येक पाऊल आधीच्या सिद्ध झालेल्या पावलावर पडते. अल्टेअर जोडणाऱ्यांनी हाताने जी शिस्त बसविली होती, तीच येथे यंत्राच्या अंगी उतरलेली दिसते. सर्व ठीक असेल तर शेवटी एक आखूड ‘बीप’ वाजे. पडद्याच्या पट्टीत दोष असेल तर एक लांब व दोन आखूड. पडदा चालू असेल तर त्यावर अंक उमटत; ३०१ म्हणजे कळफलक, २०१ म्हणजे स्मृती. पडद्याची खात्री पटलेली नसताना काही सांगावयाचे तर ते आवाजानेच सांगावे लागणार, हे ओळखून ही योजना केलेली होती. बेशुद्ध साक्षीदार निदान कण्हू लागला होता.

तरीही एक प्रदेश उरलाच. वीज नीट पोहोचत नसेल, प्रोसेसर किंवा ती कायम स्मृतीच दोषी असेल, तर तपासणी सुरूच होत नाही. मग बीप कोठून वाजणार? वाणी फुटण्यापूर्वीचा हा प्रदेश यंत्राला स्वतः ओलांडता आलेला नाही. तेथे आजही माणसाच्या हाताला, डोळ्याला आणि धीराला जावे लागते.

आयबीएमने आपल्या यंत्राचे आराखडे तांत्रिक पुस्तकात छापून टाकले होते. त्यांच्या आधारे इतर कंपन्यांनी त्याच बनावटीचे संगणक काढले. कोणाचीही पट्टी कोणाच्याही पेटीत बसू लागली आणि सुट्या भागांचा बाजार उभा राहिला. घरी संगणक जोडण्याची प्रथा त्यामुळे पुन्हा सुरू झाली. फरक इतकाच की, आता झाळणीच्या जागी स्क्रू ड्रायव्हर आला.

भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची बंधने सैल झाली आणि १९९१ नंतर हा बाजार फोफावला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट या गल्ल्यांतून ‘असेंबल्ड’ हा शब्द घराघरांत गेला. नामांकित कंपनीचा संगणक परवडत नसलेला नोकरदार माणूस एका दुकानातून मदरबोर्ड, दुसऱ्यातून रॅम, तिसऱ्यातून कॅबिनेट घेऊन लोकलने घरी येई. वर्षाची शिल्लक त्या पिशवीत असे. रविवारी सकाळी घरची मंडळी भोवती जमत. कॅबिनेटला हळदकुंकू लागे, नारळ वाढविला जाई आणि बटण दाबल्यावर पंखा फिरून पडदा काळाच राही.

अशा घरी दोषाचे निदान ही केवळ तांत्रिक जिज्ञासा नव्हती. रॅमवाला म्हणे, बोर्ड खराब आहे. बोर्डवाला म्हणे, एसएमपीएस हलक्या प्रतीचा आहे. एसएमपीएसवाला म्हणे, जोडणाऱ्याने जाळला असेल. हमी प्रत्येकाची होती, पण दोष कोणत्या भागात आहे हे सिद्ध केल्याखेरीज ती कोणाकडूनही वसूल होत नव्हती. ज्याला यंत्र उलगडून, कमीत कमी भागांवर आणून, एकेक भाग शेजाऱ्याच्या चालत्या यंत्रात लावून पाहण्याची युक्ती माहीत होती त्याचे पैसे वाचले. ज्याला ती माहीत नव्हती, तो या दुकानातून त्या दुकानात फिरला.

या बाजाराने आपले स्वतःचे शास्त्रही घडविले. जुन्या बनावटीच्या वीजपुरवठ्यातून एकसारखी दिसणारी दोन टोके बोर्डाला लावावी लागत. ती अदलाबदल झाली तर बोर्ड जळण्याची भीती. ‘काळ्याजवळ काळी तार’ हे त्यावरचे सूत्र. १९९५ मध्ये इंटेलने पुढे आणलेल्या एटीएक्स रचनेत एकच, उलटे न बसणारे टोक आले आणि ही चूक होणे थांबले. पण त्याच रचनेने एक नवे कोडे घातले. पूर्वी पुढचे बटण म्हणजे सरळ विजेचा खटका होता. आता ते बोर्डाला केलेली केवळ विनंती ठरले; बोर्ड वीजपुरवठ्याला जागे करतो, वीजपुरवठा आपला दाब स्थिर झाल्याचा इशारा देतो आणि तोपर्यंत प्रोसेसर रोखून धरला जातो. बटणाची बारीक तार चुकीच्या खिळ्यांवर बसली, तर सर्व भाग निर्दोष असूनही यंत्र मृतवत राहते. कॅबिनेटमध्ये एखादा पितळी पाया नको त्या जागी राहिला, तर तो बोर्डाला खालून स्पर्श करून सारे आखडून टाकतो. २००० नंतर प्रोसेसरला वेगळी चौकोनी वीजतार आली. ती लावावयाची राहिली की पंखे फिरतात आणि पडद्यावर काही येत नाही. आणि रॅमचे सोनेरी काठ शाळकरी खोडरबराने घासून ती पुन्हा ‘कट्’ असा आवाज होईपर्यंत दाबून बसविणे, हा उपचार तर या देशातील प्रत्येक कारागीर सर्वांत आधी करून पाहतो. तो पुस्तकांत फारसा सापडत नाही. गुण मात्र पुष्कळ वेळा येतो.

कधी कधी तर दोष कोठेच नसतो. नवा प्रोसेसर आणि दुकानात काही महिने पडून राहिलेला बोर्ड यांची गाठ पडली, तर बोर्डातील कायम स्मृतीला त्या प्रोसेसरची ओळखच नसते. ती ओळख करून द्यावी, तर संगणक चालू व्हावयास हवा. आणि ओळख नसल्याने तो चालू होत नाही. २०१८ मध्ये एएमडी कंपनीच्या नव्या प्रोसेसरांच्या बाबतीत हा पेच इतका वाढला, की बोर्डाला नवी विद्या शिकविण्यापुरता एक जुना प्रोसेसर कंपनी ग्राहकास उसना पाठवू लागली. काम झाले की तो परत करावयाचा. प्रोसेसराशिवायच, लहानशा पेनड्राइव्हवरून ही विद्या स्वीकारणारे बोर्डही असतात.

आजच्या पुष्कळशा बोर्डांवर बीप वाजविणारा ध्वनिक्षेपक नसतो. त्याऐवजी एका कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, स्मृती, पडदा आणि चकती यांचे. तपासणी ज्या ठिकाणी अडते, तेथला दिवा लागून राहतो. अल्टेअरच्या छत्तीस दिव्यांतून उरलेले हे चार. त्यांतही अलीकडे एक घोळ झाला आहे. डीडीआर-५ जातीची नवी स्मृती प्रथमच बसविली, की तिच्याशी जुळवून घेण्यासाठी बोर्ड बराच वेळ, कधी कधी काही मिनिटे, स्वतःशीच मोजमापे करीत राहतो. त्या वेळात पडदा काळा असतो, आवाज नसतो, आणि स्मृतीचा दिवा लागलेला असतो. यंत्र बिघडले असे समजून मालक वीज बंद करतो, रॅम उपसून पुन्हा बसवितो, बटण दाबतो, आणि सारी मोजमापे पहिल्यापासून सुरू होतात.